टोपोशीटवरचा त्रिकोण डोंगरावर गेल्यावर का सापडत नाही

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तुळजापूरच्या अलीकडं एका सपाट डोंगरावर टोपोशीटमध्ये (सर्व्हे ऑफ इंडियाचा बारीकसारीक नकाशा) त्रिकोण, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या मोजणीच्या दगडाची खूण, काढलाय, शेजारी उंचीचा आकडा आहे, तू तीन रविवार गेलास, मोबाईल म्हणतोय की बरोबर त्याच जागेवर उभा आहेस, आणि भोवती नुसती घाणेरी, वेडी बाभूळ आणि कुसळं. दगड कुठंच नाही. मग तो दगड कुणी नेला, का पहिल्यापासून नव्हताच, असं तू विचारलंस.

मी सोलापुरात मोजणीच्या धंद्यात सव्वीस वर्षं काढली, थिओडोलाइटवर (कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) शिकलो, टोटल स्टेशनवर पोट भरलं, आता डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) घेऊन फिरतो, आणि सुट्टीच्या दिवशी हे जुने सर्व्हेचे दगड शोधायचा नाद आहे. बायको याला नाद म्हणत नाही, दुसरा शब्द वापरते. असो. तुझ्या प्रश्नात तीन-चार वेगवेगळ्या भानगडी एकात एक अडकल्यात, त्या सोडवत जाऊ.

पहिलं सांग, शीट कुठली वापरतोयस? कारण तुझा निम्मा घोळ मला वाटतं घरीच झालाय, डोंगरावर नाही. शीटच्या कोपऱ्यात नंबर बघ. ४७ ओ/१३, ५६ सी/१ असा काहीतरी असेल तर ती जुन्या पद्धतीची शीट. ई ४३ नं सुरू होणारा लांबलचक नंबर असेल तर नवीन ओपन सीरीज. हे नुसतं नंबरचं कौतुक नाही. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश हे जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज सर्व्हेवाल्याच्या १८३० सालच्या पृथ्वीच्या मापावर बसवलेत, त्याचं मूळ ठिकाण मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळचं कल्याणपूर. तुझ्या मोबाईलमधला जीपीएस चालतो डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्याच मापावर. दोघांची पृथ्वी थोडी वेगवेगळ्या आकाराची आहे आणि थोडी वेगळ्या जागी ठेवलेली आहे, त्यामुळं तोच आकडा दोन्हीकडं टाकला की जमिनीवर दोन वेगळ्या जागा निघतात. आपल्या सोलापूर-तुळजापूर पट्ट्यात हा फरक साधारण शंभर-सव्वाशे मीटर उत्तरेला आणि शंभरएक मीटर पश्चिमेला येतो. म्हणजे जुन्या शीटवरून आकडे काढून तू सरळ मोबाईलमध्ये टाकले असशील तर खरी जागा तुझ्यापासून वायव्येला दीडशे मीटरवर आहे. उघड्या माळावर दीडशे मीटर म्हणजे काहीच नाही, मान वळवली की दिसतं. घाणेरीत दीडशे मीटर म्हणजे दुसरा जिल्हा.

जीपीएस खोटं बोलत नाही रे, ते तुला चुकीच्या जागी पाच मीटरच्या अचूकतेनं नेऊन उभं करतं.

आणि डेटमचा, म्हणजे या दोन मापांमधला, फरक काढला तरी लगेच खूष होऊ नकोस. १:५०००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पन्नास मीटर. तो छापलेला त्रिकोणच दोनएक मिलिमीटरचा असतो, स्कॅन करताना कागद थोडा ताणला गेला किंवा तू ॲपमध्ये चार कोपरे बसवताना एक कोपरा हलला की झालं. म्हणून मी काय करतो, तर त्याच शीटवर डोंगराच्या जवळची एखादी न हललेली गोष्ट पकडतो, जुनं देऊळ, रेल्वेचा पूल, तलावाच्या बांधाचं टोक, आणि आधी तिथं जाऊन बघतो की नकाशा आणि मोबाईल किती मीटरनं आणि कुठल्या बाजूला भांडतायत. जेवढं भांडण तिथं तेवढंच डोंगरावर. रस्त्याचा चौक धरू नको, आपल्याकडचे रस्ते गेल्या वीस वर्षांत इतके सरकलेत की विचारू नको.

तुझ्या डोंगराबाबत अजून एक गंमत. १८ अक्षांश आणि ७६ रेखांश जिथं मिळतात ती जागा तुळजापूरच्या पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर आहे, आणि तिथं चार शीटचे कोपरे एकत्र येतात: ४७ एन/१६, ४७ ओ/१३, ५६ बी/४ आणि ५६ सी/१. म्हणजे त्या भागातला डोंगर अर्धा एका शीटवर, पायथ्याचं गाव दुसऱ्या, वर जायची पायवाट तिसऱ्या शीटवर असं सहज होतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एकच शीट घेऊन गेलो होतो आणि जी वाट मला दिसत नव्हती ती शेजारच्या शीटवर ठळक छापलेली होती. चारही शीट घे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नाव नोंदवलं की ओपन सीरीज पीडीएफ फुकट मिळतात. जुनी एक इंचाला एक मैलवाली शीट कुणाकडं मिळाली तर सोन्याहून पिवळं, फक्त तिच्यावरची उंची फुटात असते हे विसरू नको. एका पोरानं २०१० आकडा वाचून मला विचारलेलं की सर आपल्याकडं दोन हजार मीटरचा डोंगर कुठं आहे. सहाशे तेरा मीटर होतात त्याचे.

आता तू शोधतोयस ते नेमकं काय आहे. बहुतेकांना वाटतं वर एखादा मैलाच्या दगडासारखा खांब असेल, पांढरा रंग, वर काळी अक्षरं. तसं नसतं. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचं, म्हणजे इंग्रजांनी त्रिकोण पाडत केलेल्या भारताच्या मोजणीचं, मोठं स्टेशन म्हणजे खाली जिवंत खडकात किंवा पुरलेल्या दगडावर कोरलेलं एक वर्तुळ आणि मधोमध टिंब. त्याच्या बरोब्बर वर चुन्यात बांधलेला खांब, त्याच्यावर परत तसाच टिंबाचा दगड, खालच्याच्या ओळंब्यात. आणि या खांबाभोवती, पण त्याला न चिकटता, दगडाचा ओटा. न चिकटता का, तर माणूस ओट्यावर फिरला तरी त्याच्या पायाचा धक्का मधल्या खांबावरच्या यंत्राला लागू नये म्हणून. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासला पहिली बेसलाईन (पायाची रेघ) मोजून काम सुरू केलं तेव्हा त्याचं मोठं थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचं होतं, हमालांच्या खांद्यावरून डोंगरावर चढवायचे. असलं धूड ठेवायला हलणारी जमीन चालणार नाही. तो लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, हिंगणघाटला वारला, थडगं तिथंच आहे, मी जाऊन आलोय. त्याच्यानंतर एव्हरेस्टनं सूत्रं घेतली. त्रिकोणांची मुख्य साखळी ७८ रेखांशाच्या आसपास, म्हणजे आपल्या पूर्वेला, पण बीदरच्या बाजूनं मुंबईकडं जी आडवी साखळी गेली ती आपल्या या पट्ट्यातून गेलेली आहे. म्हणून तुझ्या-माझ्या नशिबात हे ओटे आहेत.

पण नकाशावर उंचीचा आकडा आहे म्हणून प्रत्येक ठिकाणी ओटा असेलच असं मानू नको. नुसतं टिंब आणि आकडा म्हणजे स्पॉट हाईट, तिथं दगड-बिगड काही नसतं, शोधण्यात अर्थ नाही. बीएम लिहिलेलं असेल तर तो बेंचमार्क, उंचीची खूण, ती रस्त्याकडंला, पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या पायरीवर मिळते, डोंगरमाथ्यावर नाही. त्रिकोण आणि मधी टिंब हा आपला माल. त्यातपण मोठी स्टेशनं कमी आणि दुय्यम-तिय्यम जास्त, तिथं ओटा नसतो, खडकातली खूण आणि वर दगडांचा ढीग एवढंच. आणि काही बिंदू तर असे की त्यावर कुणी कधी यंत्र लावलंच नाही, लांबून दोन-तीन डोंगरांवरून नेम धरून मोजून घेतले, देवळाचा कळस, किल्ल्याचा बुरूज, एखादं एकटं झाड. नळदुर्गाच्या उपळी बुरुजासारखं उंच काही दिसलं की सर्व्हेवाल्याला आयतं निशाण. झाड असेल तर ते पडलं की बिंदू संपला. तुझा त्रिकोण यातला असेल तर तीन काय तीस रविवार गेले तरी हाती काय लागणार नाही, पण सपाट माळावरचा आहे म्हणतोस त्यावरून तसं वाटत नाही.

उलटी फसवणूकपण होते. वनखात्याचे हद्दीचे खांब असतात, नंबर टाकलेले. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथं जुना मोठा दगड असतो. मी स्वतः बार्शीकडच्या एका टेकडीवर वनखात्याच्या खांबाला मिठी मारून फोटो काढला, घरी पेढे आणले, आणि दुसऱ्या दिवशी एका जुन्या फॉरेस्ट गार्डनं फोटो बघून विचारलं की सायेब आमच्या खांबाचा वाढदिवस हुता का काय.

आता डोंगरावर ये. आपल्याकडं चढायचं कष्ट काही नाही, सह्याद्रीवाले आपल्या डोंगराला डोंगर म्हणणारच नाहीत. सोलापूर साडेचारशे मीटरवर, तुळजापूरचा माथा साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे चढ दीडशे-दोनशे मीटरचा. अडचण वेगळी आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर आडवे, त्यामुळं आपले डोंगर माथ्यावर टेबलासारखे सपाट. सह्याद्रीत सुळका असतो, वर गेलं की अजून वर काही नाही, दगड तिथंच. इथं वर गेलं की चारशे मीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद मैदान, सगळं एकाच कंटूरमध्ये (नकाशावरची समान उंचीची रेघ), आणि त्यात सगळ्यात उंच जागा कुठली ते डोळ्याला कळत नाही. माणूस काय करतो, गावातून जे टोक उठून दिसतं तिकडं जातो, तिथून तुळजापूर दिसतं, सोलापूरच्या बाजूचा सगळा सपाट मुलूख दिसतो, आणि वाटतं की इंग्रज इथंच बसला असणार. नसतो बसलेला. ते टोक गावाला दिसतं म्हणून मोठं वाटतं, माथा बहुतेक वेळा मागं असतो.

सर्व्हेवाल्याला गाव बघायचं नव्हतं, त्याला वीस-तीस मैलांवरचा दुसरा डोंगर बघायचा होता. पृथ्वीची गोलाई धरली तर तीस किलोमीटरवरची वस्तू हवेनं किरण वाकवल्याचा फायदा मिळूनसुद्धा साठएक मीटर खाली गेलेली असते. दहा किलोमीटरला सहा-सात मीटर. आपल्या बुटक्या डोंगरांना हे साठ मीटर परवडत नाहीत, त्यामुळं तो माणूस एकेक मीटरसाठी भांडायचा, सगळ्यात उंच फुगवटा धरायचा, वर ओटा बांधायचा. म्हणून तू पण तो फुगवटाच शोधायचा.

त्याला एक गावठी उपाय सांगतो, यंत्र लागत नाही. पारदर्शक पाण्याची बाटली अर्धी भर. माथ्यावर जिथं आहेस तिथं उभा रहा, बाटली डोळ्यासमोर धर, आणि पाण्याची पातळी एका रेघेत दिसेल अशी नजर लावून चौफेर फीर. त्या रेघेच्या वर ज्या बाजूची जमीन किंवा झुडपाचे बुंधे येतात ती बाजू तुझ्या डोळ्यापेक्षा उंच. तिकडं पन्नास पावलं जा, परत बघ. तीन-चार वेळा केलं की तू अशा जागी येतोस जिथून सगळं रेघेच्या खाली जातं. झुडपाचा शेंडा मोजू नको, बुंधा बघ, नाहीतर प्रत्येक बाभूळ एव्हरेस्ट होते. ही जागा आणि डेटम सुधारून काढलेली जागा एकमेकांपासून तीस-चाळीस मीटरच्या आत आली तर समज तू बरोबर आलास. नाही आली तर मी बाटलीवर विश्वास ठेवतो.

आता झाडोरा. लोक म्हणतात सोलापुरात कुठलं जंगल, त्यांना एकदा ऑक्टोबरात त्या उतारावर सोडायला पाहिजे. खरं जाड रान माथ्यावर नसतंच, ते असतं मधल्या उतारावर, जिथं सलग समतल चर खणून गिरिपुष्प लावलंय आणि मग त्यात घाणेरी घुसलीये. तू बहुतेक गुगलवर सरळ रेघ मारून चढलास, हो ना? तिथंच दोन तास गेले असणार. चर हे कंटूरनं आडवे असतात, सरळ वर चढायला गेलं की दर चार-पाच मीटरला एक खड्डा, वर गवत, आत पाय. माझा डावा घोटा अजून पावसाळ्यात दुखतो तो असल्याच एका चराचा आशीर्वाद, उतरताना पाय गेला आणि पायथ्यापर्यंत बसून बसून घसरत आलो, पॅन्ट फेकून द्यावी लागली. तर चराच्या बांधावरून आडवं चालायचं, मातीचा बांध घट्ट असतो आणि त्यावर झाडी कमी, आणि जिथं लागवडीचा प्लॉट संपतो त्या कडेनं वर जायचं. तिथं बहुतेक जाळपट्टा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी, असतो. ओढ्यातनं चढू नको, पाणी तिथं म्हणून झाडीपण तिथंच, आणि वर काळ्या पाषाणाचा कडा आडवा येतो. मेंढरांची वाट मिळाली तर डोळे झाकून ती धर, मेंढराला कड्यातली खिंड माणसापेक्षा चांगली माहिती असते.

कोयता नेऊ नको. वनखात्याची जमीन आहे, एक फांदी तोडली तरी गुन्हा, आणि तोडून काही फायदा होत नाही, घाणेरी तोडली की चौपट फुटते. वेळूची काठी घे, झुडूप दाबून पाय टाकायचा. अंगात जाड सुती पॅन्ट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि नडगीला जुन्या जीन्सच्या पट्ट्या गुंडाळ, नाहीतर मोज्यातली कुसळं काढण्यात सोमवार जातो. जायच्या आधी फॉरेस्टच्या ऑफिसात सांगून जा, बरेचदा ते गार्डचा नंबर देतात आणि गार्डला सगळं ठाऊक असतं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत त्रिकोण दिसला तर सोडून दे, तिथं दगड शोधायला जायचं नाही, तो माळ त्या पक्ष्याचा.

कधी जायचं? तू गेलास सप्टेंबर-ऑक्टोबरात, ही सगळ्यात वाईट वेळ. गवत कमरेला, गोचिडं, आणि दगडाचा ढीग असला तरी तो हिरवा गोळा दिसतो. जानेवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा, गवत चरून-वाळून खाली बसलेलं असतं. एखाद्या वर्षी वणवा लागून गेला असेल तर माथा हजामत केल्यासारखा उघडा पडतो, वाईट गोष्ट आहे पण मी माझ्या वहीतले चार दगड वणव्यानंतरच पाहिलेत. उजाडताना वर पोचायचं. कारण एक तर दहानंतर डोकं तापतं, आणि खरं कारण म्हणजे तिरपं ऊन. पडलेला ओटा म्हणजे दीड-दोन फुटाचा गोल उंचवटा, बारा वाजता तो सपाट दिसतो, सकाळी सातला त्याची सावली पडते आणि लांबून कळतो. एप्रिल-मेचं नाव काढू नको, चव्वेचाळीस डिग्रीत दगड सापडला तरी हात लावता येत नाही.

वर पोचलास की धावत सुटायचं नाही. मधी काठीला फडकं बांधून रोवायचं, तिथून दोघांनी पाच-पाच मीटर अंतर ठेवून पट्टे पाडत चालायचं, नांगरल्यासारखं. चार बाजूंना तीस-तीस मीटर. बघायचं काय, तर बेढब दगडांत एखादा घडीव दगड. मातीत बांधकामाच्या चुन्याचे पांढरे तुकडे, नुसती चुनखडी आपल्या काळ्या-तांबड्या मुरमात आपोआपपण येते, पण वाळू मिसळलेला चुना कुणीतरी वर आणलेला असतो. दगडांचा गोल घेर, आणि त्यात मातला असला तर निवडुंग किंवा बोरीचं झुडूप, कारण ढिगात ओल टिकते. उघडा कातळ लागला तर वाकून बघ, तळहाताएवढं वर्तुळ आणि टिंब असेल, शेवाळानं भरलेलं, त्यावर थोडं पाणी ओत, कोरलेलं असेल तर ओलं झाल्यावर उठून दिसतं. आणि ढिगात हात घालायचा नाही. कधीच नाही. असले ढीग म्हणजे फुरशाचं घर, चिमूटभर साप, पण आपल्याकडच्या चार विषारींपैकी एक, नाग, मण्यार, घोणस आणि हे. काठीनं आवाज करायचा आणि थांबायचं. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि सरळ सोलापूरचं सिव्हिल. एकट्यानं जाऊ नको हे मी म्हणूनच सांगतो. बाकी जनावरांचं म्हणशील तर लांडगा दिसला तर नशीब समज, तो तुला बघून पळतो. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात २०२४ च्या शेवटी यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्याकडनं वाघ चालत आला तेव्हापासून घरचे मला बालाघाटच्या डोंगरात सोडायला जरा कुरकुरतात, त्यामुळं आता जायच्या आधी गावात चौकशी करतो, कुठं ठसे-बिसे दिसले का.

आणि खरं सांगू का, हे सगळं मी तुला सांगतोय ते मी उलट्या क्रमानं शिकलो. पहिलं करायचं काम मी सगळ्यात शेवटी केलं. तुझ्यासारखाच एका डोंगरावर मी तीनदा गेलो, २००९ साल असेल, नवीन हँडहेल्ड जीपीएस घेतलेला, त्याची मिजास. तिसऱ्या वेळी उतरताना एक धनगर आजी शेरडं घेऊन वर येत होत्या, मला म्हणल्या, "लेकरा, काय हरवलंय रं? मागल्या ऐतवारी बी हुडकत हुतास." मी म्हणलं आजी, इंग्रजांच्या टायमाचा दगड आहे, गोल ओट्यासारखा, मधी खुंटा. त्या हसायला लागल्या. "आरं त्यो व्हय? त्यावर बसून तर भाकरी खातो आमी. माझं लगीन झाल्यापास्नं." आणि मला परत वर घेऊन गेल्या, माझ्या फडक्याच्या काठीपासून नव्वद पावलांवर, एका बोरीच्या मागं, ओट्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या, मधल्या खांबावर चहाच्या पातेल्याचा काळा डाग. माझी काठी त्या ओट्यापासनं दिसत होती, ओटा काठीपासनं दिसत नव्हता. आजींनी शेंगाचटणी आणि भाकरी दिली, मी पाणी दिलं. तेव्हापासून मी डोंगराच्या आधी पायथ्याच्या वस्तीवर जातो.

विचारताना मात्र "सर्व्हे स्टेशन" म्हणू नको, जमीन जाणार म्हणून लोक गप्प बसतात, हायवेच्या मोजणीनंतर तर जास्तच. "ट्रिग पॉईंट" म्हणलास तर मोबाईलचा टॉवर दाखवतील. "वर कुठं जुना ओटा, दगडांचा ढीग, झेंडा लावायची जागा आहे का" असं विचार, आणि मेंढरंवाल्यांना, म्हाताऱ्यांना विचार. पोरांना विचारून उपयोग नाही, ती डोंगरावर रील काढायला टोकापर्यंतच जातात. हे काही नवीन नाही बरं, खुद्द जुन्या सर्व्हेच्या नोंदीत प्रत्येक स्टेशनचं वर्णन असंच लिहायचे, कुठल्या गावच्या हद्दीत, भोवतालची गावं कुठल्या दिशेला किती मैलावर, आणि दगडाची राखण गावच्या अधिकाऱ्यांकडं सोपवलेली असायची. म्हणजे सरकारलापण ठाऊक होतं की शेवटी दगड गावालाच माहिती असणार.

दोन प्रकारचे दगड मात्र गावात विचारून सापडले तरी जपून. एक, ज्याला शेंदूर लागलाय. गोल ओटा, मधी उभा दगड, आता माणूस याला देव मानणार नाही तर काय करणार. माझ्या वहीत असे दोन आहेत, एकाला म्हसोबा म्हणतात, जत्रेला कोंबडं असतं. तिथं चप्पल काढायची, नमस्कार करायचा, आणि शेंदूर खरवडून टिंब बघायचा मोह आवरायचा. टिंब खाली आहे, आहेच, तुला दिसलं नाही तरी. दुसरा प्रकार म्हणजे खणलेला. गुप्तधनवाल्यांना वाटतं इंग्रजांनी खुणेचा दगड ठेवलाय म्हणजे खाली हंडा असणार. ओटा उचकटून मधी माणूसभर खड्डा, शेजारी लिंबू-कुंकू. खालचा खडकातला टिंब तरी वाचला असेल म्हणून मी एकदा खड्ड्यात उतरून बघितलं, तोपण छिन्नीनं उडवलेला. दोनशे वर्षं उन्हापावसात टिकलेली खूण, एका अमावस्येला गेली. म्हणून माझ्याकडचे आकडे मी कुणाला उघड देत नाही, आणि तुला सापडला तर तूपण नकाशावर पिन टाकून सगळीकडं पाठवू नकोस, डोंगराचं नावसुद्धा नको.

बाकी पाणी माणशी चार लिटर, ओआरएसची दोन पाकिटं, घरी कुठल्या गावातनं चढणार ते सांगून जायचं, एवढं तुला कळतं.

तर आता एवढं कर. शीटचा नंबर, त्रिकोणाशेजारचा आकडा, आणि तू ज्या जागी उभा होतास तिथले जीपीएसचे आकडे मला फोन करून सांग. जुनी शीट निघाली तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तिथनं वायव्येला दीडशे मीटर जा, बाटली भरून ने, आणि जाताना पायथ्याच्या वस्तीवर अर्धा तास बस. ओटा मिळाला तर एक फोटो ओट्याचा, एक टिंबाचा शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, आणि चार फोटो चार दिशांना, क्षितिजापर्यंत. त्या चार फोटोंत कुठंतरी पुढचा डोंगर असतो, ज्याच्यावर दुसरा माणूस आरशानं ऊन चमकवत बसलेला होता. तो कुठला ते आपण शीट पसरून माझ्या घरी काढू, चहा माझ्याकडं.